मागच्या दाराचा अडसर

४ फेब्रुवारी

ही डायरी खताच्या दुकानदाराने यांना नव्या वर्षाची भेट म्हणून दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी 'भरघोस पिकाची खात्री' असं छापलंय. यांना लिहायचं काही नसतं, म्हणून माझ्याकडे आली आणि महिनाभर कोरीच राहिली. आज उघडली, कारण मन थाऱ्यावर नाही.

काल दिवेलागणीला पलीकडच्या वस्तीवर चोर शिरले. सटवामामा आणि त्यांची बायको, दोघंच राहतात. मामांना दावणीच्या दोराने बांधून डोक्यात काठी घातली. मामींच्या कानातली फुलं ओढून नेली. कानाची पाळी फाटली. मी सकाळी जाऊन आले. मामी रडत नव्हत्या. "आगं, काढून देते म्हणलं मी, तरी वढलं," एवढंच सारखं सांगत होत्या.

आमचं घर नेकनूरच्या बाहेर रस्त्याला, आजूबाजूला शेतं. हे दिवसभर परळीच्या रस्त्यावर, आमच्या राखेच्या विटांच्या कारखान्यात. लेक ऋतुजा अंबाजोगाईला फार्मसीला. घरात मी आणि सासूबाई. पुतण्या माऊली रात्री झोपायला असतो, पण त्याची झोप म्हणजे ढोल वाजवला तरी उठायचा नाही.

११ फेब्रुवारी

ग्रामपंचायतीत पोलीस खात्याच्या एका बाई येऊन बोलून गेल्या. मला वाटलं होतं लाठी चालवायला शिकवतील. त्या म्हणाल्या, चोराशी लढायचं नाही. सामान जाऊ द्या, माणूस राहू द्या. सगळ्यांनी आतल्या एका खोलीत जायचं, कडी लावायची, फोन करायचा. बाहेर उजेड हवा, मागचं दार पक्कं हवं, आणि शेजाऱ्याचा नंबर पाठ हवा, कारण घाबरल्यावर मोबाइलमधलं नाव सापडत नाही.

मला हे पटलं. घरी येऊन मधली खोली रिकामी करून घेतली. सासूबाईंना म्हटलं, मी हाक मारली की हातातलं टाकून इथं यायचं. आज करून बघू.

"मी काय शाळंतली पोरगी हाय का कवायतीला?" त्या म्हणाल्या.

पण आल्या. येताना सुपारीचा डबा घ्यायला मागे वळल्या. मी म्हटलं, अत्या, सामान जाऊ द्या म्हणाल्यात बाई. तर म्हणाल्या, "त्या बाईला म्हणावं तुझी सुपारी सोड."

१९ फेब्रुवारी

यांना काल साहेबांच्या वाढदिवसाला बोलावलं होतं. जिल्हा परिषदेचं तिकीट तिथूनच ठरतं. हे आले ते जेवलेच नाहीत.

माऊलीने सांगितलं. पुढच्या दोन रांगांत बसलेल्या प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल होतं. शर्ट वर करून बसतात, दिसावं म्हणून. काकांना तिसऱ्या रांगेत बसवलं. एकाने विचारलं, "बद्रीनाथराव, तुमचं कुठं हाय? घरी इसरलात का?" सगळे हसले.

रात्री हे म्हणाले, "वनमाला, रिव्हॉल्व्हर घ्यायचं म्हणतो. तुलाच भीती वाटती ना."

मी म्हटलं, मला दिवा हवाय आणि मागच्या दाराला अडसर हवाय. बंदूक घरात असली तर चोर आधी तीच हिसकावून घेतो, असं त्या बाई म्हणाल्या.

"बाईला काय कळतंय," हे म्हणाले. पण माझ्या भीतीचा विचार केला, हे बरं वाटलं.

२ मार्च

अंगणात माणूस हलला की आपोआप लागणारा दिवा बसवला. पहिल्याच रात्री शेजारच्या मुक्ताबाईंची म्हैस सुटून आली आणि सगळं अंगण उजळलं. मुक्ताबाई म्हणाल्या, "आमची म्हस लग्नात आल्यावानी उभी होती." मी त्यांच्याशी ठरवलंय. एकीने शिट्टी वाजवली की दुसरीने फोन करायचा, बाहेर यायचं नाही.

कॅमेरे बसवणारा बीडहून येणार होता. यांनी त्याला फोन करून पुढच्या आठवड्यात ये म्हणून सांगितलं. कामाचा व्याप फार आहे यांना.

१५ मार्च

कॅमेऱ्याचा माणूस याही वेळी आला नाही. यांनी पुन्हा नको सांगितलं. "लाइट असती का आपल्याकडं? कॅमेरा काय अंधार काढणार हाय?" मी म्हटलं, बॅटरीवर चालतात.

बंदुकीच्या परवान्याचा अर्ज दिलाय. कचेरीतल्या ओळखीच्या माणसाने सांगितलं, नुसती भीती वाटते म्हणून कागद हलत नाही. जिवाला धोका आहे याला काहीतरी आधार लागतो. आपल्या घरात काही घडलेलं असलं, तक्रार नोंदलेली असली, तर गोष्ट वेगळी. हे सांगताना हे हसत होते. "म्हंजी आधी मरायचं, मग परवाना."

मी म्हटलं, देव करो आणि आपला अर्ज तसाच पडून राहो.

२८ मार्च

गुफरान येऊन अडसर बसवून गेला. फाट्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिशीचा असेल, मान खाली घालून काम करतो. दोन दिवस दाराकडे नुसता बघत होता. मग म्हणाला, "वैनी, वरच्या झरोक्यातनं तार घातली तर कोन्ताबी अडसर उचलता येतो. म्हणून ह्याला खाली एक खिट्टी देतो. आधी खिट्टी दाबायची, मगच उचलणार. ज्याला ठावं न्हाई त्यो रातभर हालवत बसंल."

खिट्टी गुडघ्याइतक्या उंचीवर, चौकटीच्या आतल्या अंगाला आहे. बघून कळत नाही. मला आणि सासूबाईंना दोनदा करायला लावलं. माऊलीलाही बोलावून दाखवलं.

"कुणाला सांगू नका," तो म्हणाला. "मी बी आता इसरलो."

बायको तरन्नुम डबा घेऊन आली होती, पोटुशी आहे. परळीची, तिचे वडील अजीजभाई तिथे फळांचा गाडा लावतात. तिला मी जवळ बसवून धपाटा खाऊ घातला. अशी माणसं ओळखीची असली की घर अजून पक्कं वाटतं.

१९ एप्रिल

उद्या बीडला लग्न. यांच्या मित्राचा मुलगा. चौघेही जाणार. घर दिवसभर रिकामं राहणार म्हणून मी काय घालू, काय ठेवू करत बसले. आईच्या पाटल्या घालून जाव्यात असं वाटत होतं. हे म्हणाले, "गर्दीत कशाला, कपाटात राहू दी." एरवी मी लंकेची पार्वती होऊन निघाले तर यांनाच चालत नाही.

२० एप्रिल

चोरी झाली.

सगळं लिहून काढते. लिहिलं की क्रम लागतो.

सकाळी दहाला निघालो. मागचा अडसर मी स्वतः लावला, खिट्टी खटकन बसली, ऐकली. पुढच्या दाराला कुलूप. गाडीत बसल्यावर माऊली म्हणाला, आहेराची साडी राहिली. किल्ली घेऊन आत गेला. येताना मी विचारलं, मागचं दार बघितलंस ना? "बघितलं काकू. पक्कं हाय." बीडला पोचल्यावर साडी गाडीच्या डिकीत सापडली, मीच रात्री ठेवली होती. पोरगा उगाच हेलपाटा मारून आला.

लग्नात पंगतीला बर्फ संपला. माऊली कुणाची तरी मोटारसायकल घेऊन आणायला गेला तो दीड-दोन तास आलाच नाही. नवऱ्याकडची मंडळी कोमट मठ्ठा पीत बसली, हे मात्र हसत होते. आला तेव्हा तळहाताला रुमाल गुंडाळलेला. लादी फोडताना लागलं म्हणाला.

संध्याकाळी घरी आलो तर मागचं दार उघडं. अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला. कुठे घाव नाही, ओरखडा नाही. कपाटाचा आरसा फोडलेला, कपडे जमिनीवर, धान्याचे डबे पालथे. पाटल्या गेल्या. सासूबाईंचा चांदीचा कंबरपट्टा शेजारच्याच खणात होता, तो तसाच.

सासूबाई दारात बसूनच राहिल्या. "शिकलेला चोर दिसतोय," म्हणाल्या. "चांदीला हात लावत न्हाई."

यांनी लगेच पोलिसांना फोन केला, मग पेपरवाल्याला. किती शांत होते. मी अशी वेळ आल्यावर शांत राहायचं म्हणून इतके दिवस घोकतेय, आणि पाठ केलेला शेजारचा नंबरही आठवला नाही.

माऊलीचा हात धुऊन हळद भरली. खोल कापलंय.

२३ एप्रिल

फौजदार साहेब जबाब घ्यायला आले. पाटल्यांचं वर्णन विचारलं. तोंडाशी मोर, त्यातल्या एकाची चोच दबलेली. लहानपणी मीच पाटा-वरवंट्यावर आपटली होती. त्यांनी सगळं लिहून घेतलं.

मग विचारलं, अडसर न तोडता निघतो कसा? मी खिट्टीचं सांगितलं. कोणाला माहीत होती? घरातल्यांना. बाहेरच्या कुणाला?

मी म्हटलं, बसवणाऱ्याला. गुफरानला. पण तो तसा नाही, फार सरळ माणूस आहे.

त्यांनी गुफरानचं नाव लिहिलं. 'पण'नंतरचं लिहिलं नाही. वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं, बहुतेक असंच लिहितात. सही केली.

२६ एप्रिल

गुफरानला नेलं.

पेपरात यांचा फोटो आला, फुटलेल्या आरशाशेजारी उभे. 'उद्योजकाच्या घरी धाडसी चोरी, कुटुंब भयभीत.' यांनी ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं. कशाला, विचारलं. "कामाला येतं," म्हणाले.

२ मे

तरन्नुम आली होती. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं तर नाही आली. पोट आता चांगलंच पुढे आलंय.

"वैनी, तुमी त्यांचं नाव घेतलं का?"

मी म्हटलं, मला विचारलं म्हणून सांगितलं. जे खरं ते सांगितलं.

"खरं तर घरातले चार जण बी हायत त्यात. त्यांची नावं सांगितली का?"

मला राग आला. घरचे आणि बाहेरचे सारखे असतात का? पण तिच्या अवस्थेकडे बघून राग गिळला. ती म्हणाली, तळपाय सुजलेत त्यांचे, चप्पल घालता येत नाही. मी आतून तेल आणायला गेले, येईपर्यंत ती फाटकाबाहेर पडली होती.

ती गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "पोरगी बावळट न्हाई."

९ मे

ऋतुजाचा फोन. तिला सगळं सविस्तर सांगितलं. ऐकून घेऊन म्हणाली, "आई, बर्फानं एवढा हात कापतो?"

मी म्हटलं, लादी फोडायला टोचा असतो.

"टोचा टोचतो. कापत नाही."

शिकायला पाठवलं की मुली घरच्या माणसांवर संशय घ्यायला लागतात. माऊलीला मी तो अडीच वर्षांचा असल्यापासून वाढवलंय. जाऊबाई वारल्या तेव्हा माझ्या ओटीत घालून गेल्या. ऋतुजाहून आधी तोच मला आई म्हणायला शिकला, मग लोकांनी काकू म्हणायला लावलं. फोन मी जरा रागानेच ठेवला.

नंतर फुटलेल्या आरशाचे तुकडे भरले. ते इतके दिवस कोपऱ्यात तसेच ठेवले होते.

२२ मे

हे लिहू की नको, असं सकाळपासून चाललंय.

काल दुपारी मी ओसरीवर गहू निवडत होते आणि रडत होते. गुफरानचा जामीन नामंजूर झाल्याचं मुक्ताबाई सांगून गेल्या होत्या. माऊली आला. बराच वेळ समोर उभा राहिला. मग उकिडवा बसला आणि माझ्याबरोबर खडे वेचायला लागला.

"काकू, रडू नका. पाटल्या हायत."

मी वर बघितलं.

"कारखान्यावर हायत. जपून ठेवल्यात, फडक्यात बांधून. परवाना आला की देणारच होतो. तुमच्या आईच्या हायत, मला काय ठावं न्हाई का?"

मी सूप खाली ठेवलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"काकांनी तुमाला सांगितलं न्हाई?"

मी मान हलवली.

"मला वाटलं तुमी ते रडणं लोकांसाठी करालात," तो म्हणाला. मग घाईघाईने, "आमी कुणाचं नाव घेणार नव्हतो, काकू. शपथ. चोर सापडला न्हाई असंच राहणार होतं ते. काका म्हणले, अशा किती चोऱ्या सापडत्यात? नाव तर तुमी घेतलं."

गव्हाचं सूप तसंच राहिलं. कोंबड्यांनी अर्धे गहू खाल्ले.

२३ मे

माऊलीने पाटल्या आणून दिल्या. विटांची राख बसलेली. धुतल्या आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवल्या.

संध्याकाळी यांच्याशी बोलले. वाटलं होतं नाही म्हणतील, ओरडतील. हे पाय पसरून बसले होते, तसेच बसून राहिले.

"मी तुझ्यासाठीच केलं. भ्यालीस तू, मी न्हाई."

मी म्हटलं, गुफरानला सोडवा.

"वकील मीच दिलाय त्याला. त्याच्या सासऱ्याला इचार. चांगला वकील हाय. दोन महिन्यात बाहेर येतंय पोरगं."

मी म्हटलं, मी जाऊन खरं सांगते.

"सांग की. कोन आडवलंय. घरात शिरला माऊली, मी न्हाई. मी लग्नात होतो, चारशे माणसांत जेवलो. तुझ्या खऱ्यानं माऊली आत जाईल. वर गेल्यावर जाऊबाईला काय सांगायचं ते ठरव."

मग टीव्ही लावला.

६ जून

रोज उठून ठरवते आणि रोज माऊली समोर येतो. चहा घेतो, कप धुऊन ठेवतो. लहानपणी शेजाऱ्याच्या परड्यातून पेरू आणला की आधी माझ्या हातात द्यायचा, मग स्वतः खायचा. आताही काकांनी सांगितलं म्हणून केलं त्याने. त्याला नाही म्हणायला मी कधी शिकवलंच नाही.

यांनी वकील दिलाय हेही खरं. मी जाऊन काय वेगळं होणार? असा विचार मनात आला की थोडा वेळ बरं वाटतं. मग त्या बरं वाटण्याचीच किळस येते.

१४ जुलै

गुफरानला जामीन मिळाला. मी देवापुढे साखर ठेवली. साखर ठेवताना कळलं, मी सुटले म्हणून ठेवतेय. केस चालूच आहे. दर तारखेला बीड. फाट्यावरच्या दुकानाचा मालक म्हणाला, चोराला गाळा देत नाही. यंत्रं बाहेर काढून ठेवली होती, पावसात गंजली.

तरन्नुमला मुलगी झाली. तो आत असतानाच.

३० ऑगस्ट

परवाना आला. हे पेढे घेऊन आले. मधल्या खोलीत, जिथे आम्ही चोर आल्यावर लपणार होतो, तिथल्या कपाटात रिव्हॉल्व्हरसाठी जागा केली. सासूबाईंनी विचारलं, "आता चोर आल्यावर आमी कुठं बसायचं? बंदुकीच्या मांडीवर?"

यांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

साहेबांच्या कार्यक्रमात हे आता पहिल्या रांगेत बसतात.

२ ऑक्टोबर, दसरा

पाटावर कोयता, विळा, पाना, ऋतुजाची पुस्तकं आणि मध्ये ते. हे म्हणाले, मधल्याची पूजा आधी कर. बाहेर मांडवात पंचवीस-तीस माणसं, आपट्याची पानं घेऊन आलेली. फौजदार साहेबही होते, साध्या कपड्यांत.

मी आत गेले, तांदळाचा डबा उपसला आणि पाटल्या घातल्या.

ठरवून केलं की नाही, सांगता येत नाही. हात लावून हळदीकुंकू वाहिलं. यांनी बघितलं. चेहऱ्यावरची एक शीर हलली, पण माणसं होती. माऊली उठून विहिरीकडे गेला.

मग मी जिलेबीचं ताट घेऊन बाहेर आले. वाढायला वाकलं की पाटल्या पुढे येतात. सगळ्यांसमोर आल्या. साडेपाच महिन्यांपूर्वी हीच माणसं आरसा बघायला आली होती, पाटल्यांसाठी हळहळली होती.

मुक्ताबाईंनी माझं मनगट धरलं. "आगं बाई, तसल्याच केल्या? मोराच्याच? नवरा असावा तर असा." बायका जमल्या, एकेकीने वजन बघितलं. यांच्या नावाचं कौतुक सुरू झालं. हे लाजल्यासारखं हसले.

फौजदार साहेबांपुढे मी जरा जास्तच थांबले. वाढताना हात त्यांच्या ताटावर धरून ठेवला. दबलेली चोच वरच होती. त्यांनी बघितली. त्यांनीच स्वतःच्या हाताने लिहिली होती ती. मग माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"वैनी," ते म्हणाले, "अजून एक वाढा. कुरकुरीत झालीय."

मी वाढली.

४ ऑक्टोबर

तरन्नुमकडे गेले. घर आवरत होती, परळीला बापाकडे जाणार आहेत. बाळ पाळण्यात. गुफरान आतल्या खोलीत होता. माझा आवाज ऐकून बाहेर आला नाही.

मी हात पुढे केले. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने गाठोडं बांधायचं थांबवून बघितलं.

"कधीपासनं हायत?"

"मे महिन्यापासून."

ती मोजत होती. तो तेव्हा आत होता, ती आठव्यात होती.

"मी वरच्या साहेबांकडे जाऊन सगळं सांगते," मी म्हटलं. "माऊलीचं, यांचं."

"जावा."

"तुझ्या मालकावरची केस निघून जाईल."

"निघंल, न्हाई तर न्हाई निघंल. आता तुमी बोल्लात तर लोक म्हणतील आमीच तुमाला धमकावलं. ते बी आमच्याच माथी." ती गाठोड्याची गाठ मारायला लागली. "तुमाला जायचं तर जावा, वैनी. पण आमच्यासाठी जाते म्हणू नका."

बाळ उठलं. मी पाळण्याला हात लावायला गेले. तिने माझ्या आधी लावला.

६ ऑक्टोबर

सकाळच्या बसने बीडला गेले. कुणाला सांगितलं नाही. माऊली फाटकात उभा होता. "काकू, कुठं निघालात?" मी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. तो समजला असावा. बसला हात त्यानेच केला.

पोलिसांच्या मोठ्या कचेरीत एका अधिकारी बाईंनी ऐकून घेतलं. माझ्या मुलीपेक्षा फार मोठी नसेल. मी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. तिने जुना जबाब मागवून घेतला, वर्णन ताडून बघितलं. सगळ्याला वेळ लागला. मग म्हणाली, हे लिहून घेते, पण यावर पहिला प्रश्न तुम्हालाच येणार. वस्तू तुमच्या घरात होती. एक माणूस आत होता. तुम्ही चार-साडेचार महिने गप्प का बसलात? तुमच्या हाताने लिहून द्या.

कोरा कागद दिला.

बाकावर बसले. आधी माऊलीबद्दल लिहिलं आणि खोडलं. त्याचा दोष नाही. यांनी जे म्हटलं ते लिहिलं, तेही खोडलं. त्यांनी मला बांधून ठेवलं नव्हतं, दार उघडं होतं. शेजारी एक म्हातारा जमिनीच्या भांडणाचे कागद घेऊन बसला होता. तो म्हणाला, "ताई, लई मोठं लिहायलात. त्यांना वाचायला टाइम नसतो."

दुसरा कागद मागून घेतला. त्यावर लिहिलं, 'मी घर राखत होते.' खाली नाव घातलं, सही केली आणि बाईंच्या हातात दिला.

त्यांनी वाचला आणि विचारलं, "एवढंच?"

मी म्हटलं, एवढंच.